नऊ इंचांची वीत

४ नोव्हेंबर, मंगळवार

विसरलास ना! परवा तुला एवढं सगळं सांगितलं — माझे गुडघे, शेजारणीचं नाक, सगळं — आणि आज बघते तर पान कोरं. नात म्हणते, "आजी, तू बोललीस, पण माइकचं बटण दाबलंच नाहीस." मी म्हणते, फोनच विसरभोळा. मला अक्षर येत नाही, तुला आठवत नाही. छान जोडी जमली!

आता नीट ऐक. नात कॉम्प्युटर बांधतेय. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. विकत नाही घेत, बांधतेय! खेळायसाठी. एकेक भाग आणून कपाटात ठेवलाय, तान्ह्याचे कपडे ठेवावेत तसा. राहिलं फक्त कॅबिनेट — म्हणजे हे सगळं ज्यात बसवायचं ती पेटी.

"पेटी ती पेटी," मी म्हटलं. "त्यात निवडायचं काय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं! 'कापड ते कापड' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी पाहायचे, अगदी तसं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात गेले होते. अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

एक कॅबिनेट होतं, माझ्या कमरेएवढं. दोन बाजूंना काच, आत सात पंखे. दुकानदाराने बटण दाबलं आणि आत पहाट झाली — आधी निळी, मग जांभळी, मग पिकल्या संत्र्याची. पंखे फिरताहेत आणि आवाज? श्वासाएवढाही नाही! "आजी, हे पुढून थंड हवा घेतं, मागून गरम सोडतं," दुकानदार म्हणाला. मी कुणाच्या शब्दावर बरी विश्वास ठेवते! कमरेच्या पिशवीतून दोरा काढला, मागच्या जाळीशी धरला. दोरा आडवा तरंगला, थरथरत. पुढे धरला तर जाळीला चिकटला. पेटी श्वास घेत होती! मी तिथेच स्टुलावर बसले. पन्नास वर्षं शिवणयंत्र चालवलं, पण ते कधी माझ्यासमोर श्वास घेत बसलं नाही.

दुसरं कॅबिनेट लहान, वर कडी, हातात धरून न्यावं असं. भिंगरीचा जीव त्याच्यावर. का, ते तिने परतीच्या वाटेवर सांगितलं. पाच पोरींची टीम आहे. दुसऱ्या शहरात एका घरात सहा महिने राहायचं, सराव करायचा, मोठी स्पर्धा खेळायची. जिने तिने आपलं मशीन आणायचं. टेबल एकच, म्हणून कॅबिनेट लहानच हवं. मंगळवारपर्यंत हो की नाही कळवायचंय.

म्हणजे लहान घेतलं तर पोर जाणार. मोठं घेतलं तर ते इथून हलत नाही, आणि ते हललं नाही तर पोरही नाही.

मला मोठं फार आवडलं. काच छान आहे त्याची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज मोजणी. या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्ड म्हणून एक लांबलचक वीट असते, चित्रं तीच काढते. भिंगरीने ते कुणाचं तरी वापरलेलं घेतलंय. लेबल झिजलेलं, खोकं नाही. लहान कॅबिनेटात तेरा इंचांपर्यंतचं कार्ड बसतं, पुढे नाही.

तिने माझा टेप लावला. "साडेबारा! बसतंय!"

"तो टेप लोंबून लोंबून ताणलाय," मी म्हटलं. "ताणलेला टेप कमी दाखवतो. आण इकडे."

या घरातले पडदे, दारं, कपाटं, पोरीबाळींचे झगे, सगळं माझ्या वितीने मोजलेलं. माझी वीत म्हणजे नऊ इंच. कार्डावर हात पसरला. दीड वीत, काटेकोर.

"साडेतेरा," मी म्हटलं.

"नक्की?"

"टेप ताणतो, वीत ताणत नाही."

भिंगरी कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग राहिलं. मोठंच घेऊ." आणि उठून आत गेली.

मी काही खोटं बोलले नाही हं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेवण फार चवीचं लागलं. का ते विचारू नकोस.

८ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरी मैत्रिणीच्या मशीनवर खेळत होती. मला शेजारी बसवलं. पडद्यावर डोंगर, धुकं, पडका पूल — आणि त्या पुलावर ती! पाच गावांतल्या पाच पोरी कानात बोलताहेत: "डावीकडून ये!" "थांब, थांब!" "आता!" बोटं अशी चालत होती की मी श्वास धरला. टीप घालताना सुईखालून बोट काढून घेतात ना, तशी. माझ्या हाताखाली इतक्या मुली शिकल्या, असा हात एकीचा नव्हता. आणि हा आमच्या घरात, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो!

पुढच्या सहा महिन्यांत पाचवी कोण, असं कुणीतरी विचारलं. भिंगरी म्हणाली, "बघा दुसरी कुणी."

९ नोव्हेंबर, रविवार

मोठं कॅबिनेट येईल, त्यावर धुळीसाठी घालायला कापड कापायला बसले. माझ्या कापायच्या टेबलाला काठापासून एका वितीवर खिळा आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ठोकला. अंगठा काठाला लावला, करंगळी पसरली.

करंगळी खिळ्याला पोचली नाही.

पुन्हा लावली. एक बोट कमी. मुलाला हाक मारली, "अरे, टेबल वाढलंय का?" तो हसला. "आई, लाकूड कशाला वाढेल?"

मग बराच वेळ हाताकडेच बघत बसले. बोटं वाकलीत, सांधे फुगलेत. वीत आखडली, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही! रोज जेवते या हाताने. किती गुपचूप काम केलंय बघ, माझ्याहून सफाईदार.

म्हणजे टेप बरोबर होता. कार्ड बसतंय.

हे मला एकटीलाच माहीत आहे. आणि आता तुला. तू तर विसरशीलच.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. सकाळी भिंगरीला टेबलापाशी नेलं, खिळ्यावर हात लावून दाखवला. "तुझ्या आजीची वीत आटली गं. कार्ड साडेबाराच आहे. लहान कॅबिनेटात बसतं. उद्यापर्यंत वेळ आहे, कळव त्यांना."

वाटलं, उड्या मारेल. नाही मारल्या. माझा हात मांडीवर घेऊन बसली, एकेक बोट चेपत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिला माहीत होतं! गुरुवारीच संध्याकाळी दुकानात जाऊन लोखंडी पट्टीने मोजून आली होती. साडेबारा. "मग बोलली का नाहीस गं?" तर म्हणते, "भीती वाटत होती, आजी. त्या चौघी फार भारी खेळतात. तू साडेतेरा म्हणालीस आणि बरं वाटलं."

एवढीशी वीत, आणि दोघी तिच्याआड लपलो होतो! मीच फोन तिच्या हातात दिला. माझ्यासमोर 'येते' म्हणून कळवलं तिने. लहान कॅबिनेट शुक्रवारी येतंय. आणि मी बजावलंय: पोचल्यावर तिथली एखादी बेकरी शोधायची, आणि पहिल्याच आठवड्यात मला बिस्किटं पाठवायची. चहात बुडवली की विरघळणारी. कडक पाठवलीस तर दात तुझे काढून घेईन.