भिंतीच्या रंगाचा सॉस

३ फेब्रुवारी

आज हिने तोंड उघडलं एकदाचं! महिनाभर नुसतं "नको", "पुरे", "ठेवा झाकून" चाललं होतं. आज आपणहून म्हणाली, "त्या हॉटेलातलं ते चीज सॉसमधलं फ्लॉवरचं मिळालं ना, तर खाईन मी थोडं."

मी चपला शोधायला लागलो तर म्हणते, "अहो, आत्ता नाही. आपलं सहज म्हटलं."

सहज कसलं! ताप गेला, पण जाताना हिचं नाक घेऊन गेला. वास नाही म्हणून चवही नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी आणि ब्रेड म्हणजे कापूस. डॉक्टरीणबाई म्हणतात, येईल परत. कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. अंगठी बोटातून गळायला लागली म्हणून हिने ती काढून डब्यात ठेवली आहे. मला भीती वाटते. इथे लिहितो, तिच्यासमोर बोलत नाही.

५ फेब्रुवारी

पार्सल आणलं. बसने घरी येईपर्यंत सॉसची खळ झाली — पोस्टर चिकटवावं अशी! हिने एक तुकडा चघळला आणि ताटली सरकवली. "तिथे कसे बुडबुडे यायचे त्यावर," म्हणाली. तिथे चल म्हटलं तर येत नाही. चारचौघांत ताटलीतलं चिवडत बसायची लाज वाटते म्हणे.

तर मग घरी. मी करणार. आजवर चहापलीकडे माझी मजल गेलेली नाही, पण भिंती रंगवायलाही मी काही आईच्या पोटातून शिकून आलो नव्हतो.

६ फेब्रुवारी

ते हॉटेल मीच रंगवलंय. मालकाला एक रंग पसंत पडेल तर शपथ! शेवटी वैतागून त्याने भाजीची ताटली माझ्यापुढे आपटली — "हा द्या! या सॉसचा रंग!" दिला. तीन डब्यांतून मिसळून, ताटली शेजारी ठेवून, हुबेहूब दिला. काम संपलं त्या दिवशी त्याने आम्हा दोघांना तीच भाजी खाऊ घातली. ही ताटली घेऊन उठली, भिंतीला लावून बघितली आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगदी तोच हो!" तेव्हापासून ती आमची भाजी.

त्या रंगाची पट्टी अजून माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणजे सॉस जमला की नाही ते ठरवायला माझ्याकडे माप आहे. बाकीच्यांकडे नुसती जीभ असते!

माझ्या जिभेचं न बोललेलंच बरं. उभा जन्म टर्पेंटाइनमध्ये गेला, नाक केव्हाच निवृत्त झालंय. घरात वास घ्यायचं खातं पहिल्यापासून हिच्याकडे. दूध उतू चाललंय, शेजारी काहीतरी जळतंय, माझा शर्ट धुवायला झालाय — सगळं हीच सांगणार. मला कधी गरजच पडली नाही.

७ फेब्रुवारी

उकळत्या दुधात मैदा टाकला. गाठीच गाठी! डिस्टेंपरमध्ये जन्मात गाठ राहू दिली नाही मी, आणि इथे अब्रू गेली. रंग गाळतो तसा फडक्यातून गाळला. खाली पाणी उतरलं, वर फडक्यात पीठ राहिलं.

ही दाराशी उभी. "आधी लोण्यात मैदा परतायचा असतो. मग दूध घालायचं, थोडं थोडं."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"विचारलंत?"

९ फेब्रुवारी

आज एक गाठ नाही! चीज किसून घातलं, तार धरली. पट्टी शेजारी धरली तर सॉस फारच पांढरा. चिमूटभर हळद. अजून पांढरा. आणखी एक चिमूट. मग आणखी. पट्टीशी रंग जुळला तेव्हा मी स्वतःवर खूश! फ्लॉवर, गाजर, मटार, वर सॉस, ओव्हनमध्ये दिलं ढकलून.

हिने ताटलीकडे पाहिलं. "अहो, ही भाजी आहे की कावीळ?"

मी पट्टी पुढे केली. पुरावा! तिने ती खिडकीशी नेली, उलटसुलट पाहिली. "पंधरा वर्षं अंधारात पडलीय ही. पिवळी पडली, तुम्ही पडलात तशीच."

ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलोय. ते मला कळू नये? मला!

पण ती हसली. तापानंतर पहिल्यांदा. खाल्लं मात्र नाही. मीही नाही.

१२ फेब्रुवारी

आज नाचक्की. पट्टी केरात टाकली आणि डोळ्यांच्या भरवशावर सॉस केला. आम्ही दोघं खात होतो — ही दुसऱ्या घासापर्यंत आली होती! — तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली माझी पँट द्यायला वर आली. तिला म्हटलं, बघ गं चाखून. तिने चमचा तोंडात घातला आणि धावली बेसिनकडे.

"काका, दूध नासलंय! घरभर वास येतोय, तुम्हाला कळत नाही?"

घरात नाकं दोन, कामाचं एकही नाही.

तिने काळजीपोटी आमच्या मुलीला कळवलं. संध्याकाळी फोन. "बाबा, आज दूध होतं. उद्या गॅस चालू राहिला तर? तुम्हा दोघांनाही कळणार नाही. रविवारी येते, सामान बांधून ठेवा. आता माझ्याकडेच राहायचं."

मुलगी चिडली असती तर भांडलो असतो. ती रडत होती. शिवाय बोलत होती तेही बरोबर. तिच्या घरी सगळं आहे — हिला उशीला टेकून बसवतील, ताट हातात देतील. पण स्वयंपाकघर दुसऱ्याचं. ही तिथे पाहुणीसारखी बसून राहील आणि आणखी वाळेल. मुलीला एवढंच म्हटलं, "रविवारपर्यंत बघू." बघायचं काय होतं, मलाही माहीत नाही.

१३ फेब्रुवारी

वजन केलं. आणखी उतरलं. आकडा लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी

हॉटेलात जाऊन आलो. भिंती आता राखाडी! मला कुणी विचारलंही नाही. मालक गेला, मुलगा बघतो. पण आचारी जुना, त्याने ओळखलं. "रंगारीबुवा!" म्हणून बाहेर आला. सगळं ऐकून घेतलं. सॉसमध्ये जायफळ आणि मोहरीची पूड घाला म्हणाला. "आणि ओव्हनमधून लवकर काढू नका. कडेला जरा करपू द्या. लोक सॉस सॉस करतात, खातात ती करपलेली कड."

निघताना डबा भरून जायफळ दिलं. एवढं मला जन्मभर पुरेल. तिला लागो म्हणजे झालं.

१५ फेब्रुवारी

जमलं. ताज्या दुधाचं, जायफळ घालून, कड बदामी. शिवणकामवालीला मुद्दाम वर बोलावलं. तिने डोळे मिटून खाल्लं. "काका, हॉटेल काढा!"

हिने चार तुकडे खाल्ले. "छान झालंय," म्हणाली. ही कधी खोटं बोलते ते मला कळतं — तेव्हा माझ्याकडे न बघता ताटलीकडे बघते.

शिवणकामवाली गेल्यावर म्हटलं, "खरं सांग."

"तुम्ही एवढं केलंत म्हणून खाल्लं. गरम आहे, मऊ आहे, एवढं कळतं. चवीचं विचारू नका हो."

इतकं वाईट वाटलं! दुनियेने जमलं म्हणावं असं केलं आणि जिच्यासाठी केलं तिच्यापर्यंत पोचलंच नाही. भांडी घासली. बाहेर आलो तर हिने माळ्यावरची बॅग काढून पुसायला घेतली होती. दोघांच्या साड्या-सदऱ्यांना पुरेल का, एवढंच विचारलं. पुरेल म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलीला तरी खाऊ घालावं म्हणून सकाळी सॉस चढवला. ही आतल्या खोलीत, दार लोटून, बॅग भरत होती. मुलीचा फोन आला — निघालेय म्हणून. दार, कुलूप, दूधवाला, चाव्या कुणाकडे — बोलत बाहेरच्या खोलीत गेलो आणि बोलतच राहिलो. सॉस पार विसरलो. मला कसला वास येतोय!

आतून आवाज आला, "अहो! काय करपतंय?"

फोन हातात तसाच. धावलो. पातेल्यात काळं झालं होतं, धूर नुकता कुठे वर यायला लागला होता. तिच्या खोलीचं दार अजून लोटलेलंच होतं.

गॅसच्या बटणावर हात ठेवला, पण लगेच बंद केला नाही. तिला आणखी एकदा ओरडू दिलं.