चार गावांची पोरं आणि एक डांबरी रस्ता

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८९८

मंगळवेढे मुक्कामी आबासाहेब व्याही यांना ज्ञानबाचा दोन्ही हात जोडून रामराम पोचावा.

आपली कंबर आता कशी आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? ज्वारी निसवून कणसं आली असतील, तर पाखरं राखायला माणूस लावा, आपण स्वतः माळ्यावर चढू नका. (गेल्या साली आपण चढलात आणि उतरवायला तीन गडी लागले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सूनबाईला सांगितलं, पण ती आपलीच मुलगी आहे.) इकडे मी ठीक आहे, सूनबाई ठीक आहे, आपला जावई रामहरी सोलापुरात गिरणीत आहे आणि शनिवारी येतो, तोही ठीक. नात विजयमाला आठवीत आहे, रोज सायकलीवरून मंद्रूपला हायस्कुलात जाते, तीही ठीक. काळजीचं काही कारण नाही.

आपलं कार्ड पोचलं. रस्ता वाईट झालाय, पोरीची शाळा पुरे, संक्रांतीला येऊन तिला मंगळवेढ्याला घेऊन जातो, असं आपण लिहिलंत. सूनबाईने ते वाचलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात भांडी जरा जोरात ठेवली जातात. विजयमाला काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणून रस्त्याची खरी हकिगत आपल्याला कळवतो, म्हणजे आपलं मन निश्चिंत होईल.

रस्ता आपल्याला माहीत आहे. बाहत्तरच्या दुष्काळात आम्हीच खडी फोडून तो रुंद केला. तेव्हा वाटलं होतं, रुंद झाला की माणूस ऐसपैस चालेल. पण रस्ता रुंद झाला तो ट्रकवाल्यांना. विजापूरकडून कांद्याचा ट्रक सुटला की सायकलवाली पोरं कडेच्या चारीत उतरायची आणि चालणारी पोरं सायकलवाल्यांच्या अंगावर पडायची. (असं आता होत नाही. पूर्वी व्हायचं. पूर्वी म्हणजे दिवाळीपर्यंत.) मग हेडमास्तरांनी त्या वाटेवरच्या चार गावांना एका दिवशी बोलावलं. आमची वाडी, धनगरांची वस्ती, मानसिंग पाटलाचं मोठं गाव, आणि नदीकडचं ईरप्पाचं गाव, जिथे घरात कानडी बोलतात आणि भांडायला मराठी वापरतात. ही चार गावं आजवर कशावरही एक झालेली नाहीत. पण पोरांचं म्हटल्यावर अर्ध्या तासात सगळं ठरलं. सगळ्यांची पोरं फाट्यावर जमायची आणि एकदम निघायची. चालणारी कडेच्या मातीवरून, सायकली एकामागे एक. वळणावर, फाट्यावर आणि शाळेसमोर गावांनी पाळीने मोठी माणसं उभी करायची. हेडमास्तरांनी समाधानाने चहा सांगितला. चहा येईपर्यंत कुणीतरी विचारलं, रांगेत पुढं कुणाची पोरं?

ईरप्पा म्हणाला, "यात्रेत पयली काठी आमची निघती. मंग पोरंबी पयली आमचीच की."

मानसिंग पाटील म्हणाले, "काठीचं यात्रेत. ही शाळा हाय."

"आसं व्हय? मंग औंदा यात्रेतबी तुमीच फुडं या. येता का, बघू."

हेडमास्तर सोलापूरचे, जुन्या पेठेतले. त्यांना हे आधी समजलंच नाही, आणि समजल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. शेवटी यात्रेतल्या मानाप्रमाणे रांग लावायची असं ठरलं. त्यात एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. (माझ्या आली होती, पण मी तिसरीतून निघालेला माणूस, हेडमास्तरांसमोर कशाला बोला.) ईरप्पाचं गाव सगळ्यात लांब, फाट्यापासून चार मैलांवर. पहिल्या दिवशी तीन गावांची बासष्ट पोरं फाट्यावर मानाच्या पोरांची वाट बघत उभी राहिली. प्रार्थना झाली, पहिला तास झाला, मान काही येईना. ईरप्पाच्या गावची पोरं त्यांच्यातल्याच एकाच्या मामाच्या बैलगाडीतून शेतातल्या वाटेने केव्हाच शाळेत जाऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी ती आली, पण त्यांच्याबरोबर हलगीवाला आला. हलगीचा एक फायदा झाला, तो मान्य केला पाहिजे. वरात समजून ट्रकवाले आपण होऊन थांबले, एकाने नवरा कुठाय म्हणून विचारलंही. पण हेडमास्तरांनी हलगी बंद केली, आणि चार गावं पुन्हा चार दिशांना तोंडं करून बसली.

पुढच्या बैठकीला येडू धनगर बोलला. तोवर तो दाराशी घोंगडीवर गप्प बसून होता. त्याने विचारलं, "पाटील, मेंढरं रस्ता वलांडत्यात तवा मान कुणाचा आसतो?"

पाटील म्हणाले, "तूच सांग की."

"जी सगळ्यात हळू चालती तिचा. तिला फुडं घालायची, मंग बाकीची तिच्या चालीनं येत्यात. मागं ठिवली की ती मागं ऱ्हाती, आन् ट्रक नेमका तिच्याच वक्ताला येतो."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यात बारकं पोर पुढे. ते निघालं पाटलाच्या गावचं, पाचवीतलं. मग दोन दिवसांनी ईरप्पाने त्याहून बारकं आणलं. ते इतकं बारकं होतं की त्याचं नाव अजून कुठल्याच शाळेत नव्हतं, आणि चार मैल ते ईरप्पाच्या खांद्यावर आलं होतं. त्यालाही दोन दिवस पुढे चालवलं. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच नको म्हटलं.

आता येडू फाट्यावर काठी आडवी धरून उभा राहतो आणि पोरं जोडीजोडीने मोजून पलीकडे घालतो. ट्रकवाले त्याला बघून थांबतात, कारण धनगर दिसला की मागे कळप असणार हे त्यांना ठाऊक. मला बघून थांबत नाहीत. मी वळणावर असतो, शिट्टी आणि तांबडं फडकं घेऊन. मी ट्रकला शिट्टी मारतो, एस्टीला मारतो, बैलगाडीलाही मारतो, कुणाचा भरवसा धरता येत नाही. एकदा साहेबाच्या जीपला मारली. साहेब पाव तास थांबले, उतरून एका पोराच्या सायकलीची चेन बसवून दिली आणि हात काळे करून गेले. (साहेब कुठल्या खात्याचे ते विचारायचं राहिलं, तेव्हापासून मला झोप नाही.)

विजयमालेची सायकल गड्यामाणसाची आहे, रामहरीने गिरणीतल्या एकाकडून आणली. पहिले पंधरा दिवस मी तिच्या मागे पळत होतो. एकदा ती उतरली आणि म्हणाली, "आजोबा, मागं पळू नका. तुमी पळताय म्हणून मी हळू चालवते, आणि हळू चालवते म्हणून पडते." मी विचार केला, पोरीचं खरं असेल. आता मी पळत नाही, वळणापर्यंत भरभर चालतो. दिवाळीपासून आजपर्यंत पोरं खरचटली असतील, भांडली असतील, पण एकही पोर चारीत पडलं नाही. मी पडलो, दोनदा, पण मी हायस्कुलात जात नाही, तेव्हा ते धरू नये.

एकंदरीत काळजी सोडावी. विहीणबाईंना रामराम, लहानांना आशीर्वाद.

आपला,
ज्ञानबा

ता. क. संक्रांतीला जरूर या. पण हुरडा खायला या, पोरीला न्यायला येऊ नका. तिला शाळेतच राहू द्यावं असं एक कार्ड सूनबाईच्या नावाने टाका. मी सांगून उपयोग नाही, आपल्या घरच्या माणसांना आपल्या अक्षरातलंच पटतं.

पुन्हा ता. क. रस्ता वाईट आहे, पोरीला तिकडे घेऊन जा, हे गणपतीत मीच आपल्याला लिहिलं होतं, हे आपल्या ध्यानात असेलच. ते पत्र सापडलं तर चुलीत घाला. सूनबाई समजते की तिचा बाप हट्टी आहे. समजू द्या, आपण मंगळवेढ्याला आहात, मला रोज इथेच जेवायचं आहे.

आणखी एक. हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. माझा बापही असाच काळजीवाला होता. शाळेच्या वाटेवर ओढा होता, पोर वाहून जाईल म्हणून त्याने मला तिसरीतून काढून घरी बसवलं. त्या साली ओढ्याला पाणीच आलं नाही. कार्ड लवकर टाकावं.