समोरच्या संघाची रॅकेट

अब्बा, पुण्यात नुकतीच बायकांची टेनिसची मोठी स्पर्धा झाली. एकेकटीनं खेळायची नव्हे. देशादेशांचे संघ येतात, दोन सामने एकेरीचे होतात, तिसरा दुहेरीचा, आणि तिनातले दोन जिंकेल त्या देशाची सरशी. तुम्हांला टेनिस काही कधी नीट कळलं नाही. जुन्नरला मामूंच्या घरी एकदा टीव्हीवर लागलं होतं, तेव्हा तुम्ही बराच वेळ टक लावून बघितलंत आणि विचारलंत, "ये औरतां इत्ता चिल्लाते कायकू?" मामी हसून हसून बेजार झाली. मलाही उत्तर देता आलं नव्हतं. आता देता येईल. आता मी त्यांचं ओरडणं जवळून ऐकलंय, आणि चेंडू तारांच्या नेमका मधोमध बसला की नाही, ते आवाजावरून सांगू शकते.

या स्पर्धेत आठवडाभर मी होते. खेळायला नाही, रॅकेटींना तारा भरायला. आमच्यात त्याला गटिंग म्हणतात. स्टँडच्या खाली एक खोली दिली होती, त्यात तीन मशिनी आणि आम्ही तिघं. कुठल्याही संघाची रॅकेट येवो, आम्हीच भरायची. आपल्या देशाची असो नाहीतर दुसऱ्याची, टेबल एकच. तिघांत बाई मी एकटी. पहिल्या दिवशी परदेशी संघांच्या मुली दारात थबकायच्या, मला बघायच्या आणि रॅकेट माझ्या शेजारच्या पुरुषापुढे ठेवायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्यापुढे ढीग लागला होता. हे तुम्हांला सांगायलाच हवं होतं, म्हणून आधी सांगून टाकलं.

तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. माझं हे काम तुम्ही एकदाच पाहिलंत. मी कॉलेज करता करता पुण्यात खेळाच्या सामानाच्या दुकानात लागले होते, तेव्हा तुम्ही एसटीनं आला होतात, पिशवीत अम्मीनं दिलेले कडवे वाल घेऊन. मी मोठ्या ऐटीत मशीन दाखवली. तार कशी अडकवायची, बटण दाबलं की मशीन हवी तेवढी कशी ओढते, चिमट्यात कशी धरून ठेवायची. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "खींचती मशीन. फिर तू क्या करती?" मला लागलं ते. मी खाली मान घालून रॅकेट भरत राहिले. तुम्ही स्टुलावर बसलात आणि बघत राहिलात. एक झाली, दुसरी झाली. आडव्या तारा मी एक वर, एक खाली अशा बोटांनी ओवत होते. तिसरी पूर्ण झाली तेव्हा तुम्ही ती उचललीत, तारांवर अंगठा दाबलात, कानाजवळ नेऊन टिचकी मारलीत आणि पुटपुटलात, "हात तेराच है." मग दुकानदाराकडे वळून अगदी गंभीरपणे मराठीत म्हणालात, "चांगली झालीय, पण साहेब, हिच्यावर झोपायचं कुणी?" दुकानदार ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतो.

तुम्ही बाजा विणत होतात, हे मी इथं सगळ्यांना सांगितलं आहे. सायकलला सुंभाची भेंडोळी बांधून तुम्ही गावोगाव जायचात, आज खोडद, उद्या बेल्हे, आणि सुट्टीत मला पुढच्या दांडीवर बसवायचात. मला सगळ्यांत जास्त आठवतं ते पेठ गावातलं एक घर. मी बारा वर्षांची असेन. रस्त्यापासून आत, अंगणात लिंबाचं झाड. घरमालकाच्या आईची पाठ धरली होती आणि तिच्यासाठी जुन्या लाकडावर नवी बाज विणायची होती. तुम्ही डोक्याकडून सुरुवात केलीत आणि निम्म्यावर आल्यावर मला म्हणालात, आता तू घे. तेवढ्यात तो माणूस बाहेर आला. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, पोरीला कशाला लावलंय राव? पोरीच्या हातची बाज चार दिस टिकायची न्हाई." तुम्ही मान न उचलता म्हणालात, "आदी हू द्या पावणं, मग बसून बगा." तो आत गेला. माझ्या डोक्यात मात्र संताप शिरला होता. मी मुद्दाम दोरी ढिली धरायला लागले. वरून दिसायला ठीक दिसेल, पण चार रात्रींत झोळ पडेल, अशी. घ्या म्हटलं, तुमची बाज.

तुम्ही चहा पिऊन आलात, बाजेवर नुसता तळहात फिरवलात, आणि तुमचा चेहरा बदलला. आवाज चढवला नाहीत. "खोल," म्हणालात. "सब खोल." मी उकलत बसले. बोटं सोलली होती, डोळ्यांत पाणी येत होतं. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसलात आणि हळूच विचारलंत, त्या म्हातारीच्या पाठीनं तुझं काय बिघडवलंय?  मग म्हणालात, तो म्हणाला पोरीच्या हातची टिकत नाही, आणि तू तेच खरं करून दाखवायला निघालीस. एवढंच. पुन्हा त्यावर एक शब्द नाही, घरी अम्मीला सांगणंही नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठं बाज पुरी झाली. म्हातारीला घरातल्या दोघींनी धरून आणलं, ती आडवी झाली, थोडा वेळ डोळे मिटून पडली आणि म्हणाली, "लई ताठ झालीय गं बाई. आज झोप लागंल." तिनं मला जवळ बोलावून सोललेली बोटं बघितली आणि स्वतःच्या हातानं त्यांना खोबरेल तेल लावलं.  पुढच्या उन्हाळ्यात घरमालकानं निरोप धाडला, दोन बाजा विणायच्या आहेत, आणि पोरीला घेऊन या.

आता या स्पर्धेतल्या त्या दिवसाचं सांगते. आपल्या मुली पहिला एकेरी सामना जिंकल्या, दुसरा हरल्या. उरला दुहेरीचा, त्यावरच सगळं. समोरचा संघ लांबच्या एका लहानशा देशाचा, सगळ्या मिळून चौघीच मुली आणि त्यांची एक प्रशिक्षक बाई. त्यातली उंच मुलगी एकेरीही खेळली होती आणि तिच्या दोन रॅकेटींच्या तारा त्यातच गेल्या होत्या. त्या माझ्या टेबलावर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या होत्या, घाई नाही म्हणून. खोलीत छोटा टीव्ही होता. वर स्टँडमध्ये लोक पाय आपटत होते, त्यानं छत हादरत होतं. आपल्या मुली पहिला सेट जिंकल्या. दुसऱ्यात बरोबरी चाललेली, आणि त्या उंच मुलीनं सर्व्हिस केली ती तार तोडूनच. तिची शेवटची चांगली रॅकेट. ती जोडीदारणीची जादा रॅकेट घेऊन खेळायला लागली आणि लगेच दोन चेंडू जाळ्यात घातले.

दोन मिनिटांत त्यांची प्रशिक्षक बाई धापा टाकत दारात हजर. टेबलावरच्या एका रॅकेटकडे बोट दाखवून तिनं हात जोडले. आपल्यासारखे जोडले हो, कुठं शिकली कोण जाणे. माझे दोघे सोबती दुसऱ्या रॅकेटींत अडकलेले. मी उठले. दाराशी जो गार्ड होता तो नारायणगावकडचा, पहिल्या दिवशी माझ्या बोलण्यावरून त्यानं ओळखलं होतं, तुमी आमच्याकडल्या म्हणून. तो हळूच आत वाकून म्हणाला, "ताई, लई जीव नका लावू. जरा ढिली सोडा. आपल्या पोरी जिंकत्यात, कुणाला कळतंय?"

"तिला कळंल," मी म्हटलं.

"कुणाला?"

"जी मारणार तिला."

तो हसला, पण मला हसू आलं नाही. मी तार कापली, मशीन लावली. उभ्या तारा सोळा, आडव्या एकोणीस. एरवी मला पंचवीस मिनिटं लागतात, त्या दिवशी चौदा लागली. घाईत आडवी तार ओढताना उभीला घासली तर ती जळते, म्हणून प्रत्येक तार बोटानं उचलून ओवली. वर गर्जना होत होती, म्हणजे आपला गुण. मध्येच सगळं शांत व्हायचं, म्हणजे त्यांचा. शेवटची गाठ मारली, तारा सरळ केल्या, अंगठा दाबून बघितला. ठणठणीत. बाई रॅकेट घेऊन अक्षरशः पळाली.

दुसरा सेट त्या जिंकल्या. तिसराही. उंच मुलगी त्या रॅकेटनं असं काही खेळली की माझ्या शेजारच्यानं नकळत टाळी वाजवली आणि मग माझ्याकडे चोरून बघितलं. आपल्या मुली हरल्या. लोक गुपचूप जिने उतरले. गार्ड माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्यामुळं गेली बगा म्याच." मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तोच चहा घेऊन आला. आपल्या मुली बाकीचे सामने जिंकल्या, स्पर्धा चांगली गेली त्यांची. शेवटच्या दिवशी त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी खोलीत आली, आम्हां तिघांचे आभार मानले आणि माझ्या मशिनीपाशी उभी राहून मशीन कशी चालते ते विचारत बसली. मी तिला ते सगळं समजावलं. ती उंच मुलगीही निघताना आली होती. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली आणि परत दिला.

अम्मीला जुन्नरला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, तेरे अब्बा होते तो मोहल्लेभर सांगत फिरले असते. खरंच, तुम्ही फिरला असतात. आज दुकानाला सुट्टी आहे, दुपारची जेवणं उरकली आहेत, घरात सगळे आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून हे लिहिते आहे. बरं वाटतंय. कागद घडी घालून पिठाच्या डब्यामागं ठेवीन, नाहीतर टाकूनही देईन. पण एक गोष्ट अम्मीला सांगितली नाही, ती इथं लिहून ठेवते. हातानं मी काही खोट ठेवली नाही, अब्बा. पण तिसऱ्या सेटमध्ये ती मुलगी शेवटच्या गुणासाठी सर्व्हिसला उभी राहिली, तेव्हा मी टीव्हीसमोर ओठ आवळून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, तुटू दे, या अल्ला, एक तार तुटू दे.