आडवी तपासणी राहिलेला हुक

३ तारीख, सोमवार
आज कारखान्यातल्या क्रेन्सचे अठरा हुक तपासले. चुंबकाचे दोन पाय हुकवर टेकवायचे, वर लोखंडाची चमकणारी पूड फवारायची. भेग असली की पूड तिथे रेघ धरते. एकदा उभं, एकदा आडवं. चुंबकाच्या दिशेनेच गेलेली भेग दिसत नाही. हे बाबांनी मला नववीत असतानाच घरच्या तव्यावर शिकवलं होतं.
अठराव्या हुकची आडवी राहिली. जेवणाची सुट्टी झाली आणि मी ओके शिक्का मारून उठले. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

४, मंगळवार
हुक जागेवर नाही. क्रेनवर चढला असणार. सतरा चांगले निघाले, म्हणजे तोही चांगलाच. विषय संपला.

दुपारी
संपला नाही. दादा त्याच क्रेनखाली काम करतो.

७, शुक्रवार
कायम भिंग घेऊन फिरणाऱ्या आमच्या सीनियर काकांना सांगायला गेले. ते चहा पीत होते. चहाच्या वेळी असं सांगू नये.
घरी दादाला म्हटलं, तुझा चेहरा उतरलाय, रजा टाक. तो म्हणाला, आधी आरशात तू बघ. वहिनी म्हणाली, बहीण एवढी मागे लागलीय तर घे की, माळाही साफ होईल. सोमवारपासून तीन दिवसांची टाकली. डोक्यावरचं ओझं उतरलं.

१०, सोमवार
क्रेनखाली आणखी नऊ जण असतात. त्यांच्या बहिणींनी बघावं, असा विचार मनात आला. शी. दुपारी जेवले नाही. प्रायश्चित्त म्हणून नव्हे, डबा उघडायचंच सुचलं नाही.

१२, बुधवार
लेखी कबुली तयार. चौथा खर्डा, हाही जेवणाच्या सुट्टीत कामाच्या टेबलावर लिहिलेला. अक्षर सुधारलंय. घरी शेवटची ओळ घालताना बाबांनी विचारलं, काय लिहितेस एवढं. म्हटलं, रिपोर्ट. हेही आता कबुलीत घालावं लागणार.

१३, गुरुवार
दादा कामावर निघाला. त्याच्याआधी धावत पोहोचले आणि काकांना सगळं एका दमात सांगितलं. कागद खिशातच राहिला.
ते म्हणाले, शिकाऊ माणसाचा प्रत्येक हुक मी पुन्हा तपासतो. त्याच दुपारी आडवं लावलं, नखाएवढी भेग निघाली. हुक क्रेनवर गेलाच नाही. मग गेला कुठे, मी विचारलं. त्यांनी माझ्या टेबलाखालचं फडकं ओढलं. खाली तोच हुक.
तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो, ते म्हणाले.
दहा दिवस मी त्याच्यावरच पाय टेकून बसत होते, कबुलीही तशीच लिहिली.