मुखेडच्या मावशी आणि गुडघ्याचा पट्टा

आई, आज मुखेडच्या एक मावशी आमच्या वर्कशॉपमधून गायब झाल्या आणि दिवसभर मला तूच आठवत राहिलीस.

मी आता नांदेडात गुडघ्याचे पट्टे बनवते. त्यांना दोन्ही बाजूंनी बिजागऱ्या आणि स्प्रिंगा असतात, उठता-चालताना गुडघ्याला जोर मिळतो. तू लातूरला वसतिगृहात स्वयंपाक करायचीस. भाकरी थापून झाल्या की भिंतीला धरून उठायचीस, आणि मी हात पुढं केला की म्हणायचीस, "सोड, मी काय म्हातारी हाय का?" तिथलाच मिक्सर मी एकदा पार खोलून ठेवला होता. केवढी रागावलीस! "खोलता येतं, मग जोडायला बी शीक!" आणि पुढच्याच बाजारातून माझ्यासाठी स्क्रू ड्रायव्हरचा संच घेऊन आलीस. मैत्रिणी हसल्या, पण मी तो उशाशी घेऊन झोपले.

मावशींना पहिला पट्टा अजिबात आवडला नव्हता. लुगड्यात अडकायचा, चालताना खाली घसरायचा. "ह्ये काय बैलाला बांधायचं हाय का?" म्हणत त्यांनी तो टेबलावर टाकला आणि पुन्हा येणार नाही म्हणाल्या. मला रडूच आलं. मग बिजागरी चपटी केली, मांडीवरचा भाग रुंद आणि मऊ केला, आणि त्यांच्या मुलाला गळ घालून त्यांना परत बोलावलं. आज नवा पट्टा बांधून त्या अंगणात फिरतायत, मी पाना आणायला आत जाते, बाहेर येते तर अंगण रिकामं. मुलगा घाबरून रस्त्याकडं धावतो. आणि मावशी कुठं? पलीकडच्या चढावर, बांगड्यांच्या दुकानात, रंगावरून दुकानदाराशी वाद घालत!

"अहो मावशी, सांगून तरी जायचं!"

"तूच म्हणलीस नव्हं, चालून बघा? बघून राहिले की!"

मुलगा हसत हसत दुकानाच्या पायरीवरच बसला. चढ उतरताना मावशींनी माझा हात धरला. आधाराची गरज नव्हती, त्यांना गप्पा मारायच्या होत्या. म्हणाल्या, "तुजी माय चालती का गं नीट?"

तू जाऊन किती वर्षं झाली. मी म्हणाले, "हाव, लई चालती. घरात थांबतच न्हाई."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. पण खरं सांगू का, ते खोटं बोलताना मी जरासुद्धा अडखळले नाही, आणि अजून बरं वाटून राहिलंय.