अंगणातली अस्वलांची जोडी रद्द करणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
दूरसंवेदन कक्ष, वन्यजीव व अधिवास पाहणी,
वनविभाग.

विषय : माझ्या अंगणात नोंदवलेली अस्वलांची जोडी रद्द करून रस्ता खुला करणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षातील मॅडमशी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

१. विनंतीपूर्वक कळवते की, गेल्या आठवड्यात आपले दोन कर्मचारी माझ्या कुंपणाला ‘प्रवेश बंद’चा फलक ठोकत होते. त्यातला एक माझ्या खिडकीखालीच कुरकुरला, “संसार थाटायला ह्या अस्वलांना हीच जागा सापडली! इथे आपला डबा गार होतोय.” चौकशी केली असता समजले की, अस्वले माझ्याच अंगणात आहेत. रस्त्याच्या वळणावर तोवर फाटकही लागले होते.

२. ड्रोनवरच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला पहाटे, जमीन गार असताना, माझ्या अंगणात दोन ऊबदार ठिपके दिसले. एक फिरता, एक बसलेला. उपग्रहाच्या चित्रात माझी बाग ‘दाट झुडपी अधिवास’ आहे. यंदा ती कोणी छाटली नाही, हे मान्य. त्यावरून ‘प्रौढ अस्वले, जोडी’ अशी नोंद होऊन विणीचा काळ संपेपर्यंत रस्ता बंद करण्यात आला. आपल्या यंत्राबद्दल तक्रार नाही. एवढ्या उंचीवरून मीही मला ओळखले नसते.

३. फिरते अस्वल म्हणजे सदर अर्जदार. पहाटे यजमानांचा लोकरी कोट घालून मी अंगणात येरझाऱ्या घालते. कोट माझ्या मापाचा नसल्याने आकाराबाबत गैरसमज होणे स्वाभाविक आहे.

४. हे फोनवर सांगितले तेव्हा मॅडमनी विचारले, “आणि दुसरं कोण, ताई?” मी म्हणाले, “आमचे हे.” सवयीने तोंडून गेले. “म्हणजे नवराबायकोच की!” असे म्हणून त्या मनापासून हसल्या आणि त्यांनी ‘रहिवासी, पती-पत्नी’ अशी दुरुस्ती केली. ती नोंद ऐकायला इतकी बरी वाटली की, मी ती तशीच राहू दिली. त्याचे फळ असे की, फाटकाच्या पाससाठी आता दोघांनी जातीने येऊन सही करायची आहे. मी एकटीच हजर झाले. कारकुनांनी विचारले, “साहेब बाहेरगावी का?” मी हो म्हणाले. “कधी येतील?” यावर मी माझी सही तेवढी करून परत आले. पास प्रलंबित आहे.

५. गॅसची गाडी वळणावरूनच परत जाते. माझ्याकडे येणारेजाणारे मुळात कमीच होते. आता त्यांना सरकारी कारण मिळाले आहे.

६. बसलेल्या ठिपक्याविषयी. यजमानांची कंबर धरत असे. म्हणून ते अंगणात येण्याआधी मी त्यांच्या खुर्चीत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून वर पांघरूण घालत असे. अजूनही घालते. लोक भेटले की “ते असं झालं” किंवा “त्यांच्या मागे आता” एवढेच म्हणतात आणि हवापाण्याकडे वळतात. पुढचा शब्द कोणी काढत नाही. मीही काढला नव्हता.

७. आज सकाळी माझी धाकटी नणंद फाटकाखालून वाकून, गुडघे मळवून आली. मी पिशवी भरत होते. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, पायरीवर बसली आणि म्हणाली, “वहिनी, दादा मेला गं. कोणाची कंबर शेकतेस?”

सबब, बसलेला ठिपका नोंदीतून कमी करावा. जोडी नाही. एकच आहे. तिला माणूस म्हणून नोंदवून रस्ता खुला करावा, ही विनंती.

आपली नम्र,
फिरता ठिपका
(सही)

दिनांक : फाटक लागल्यानंतरचा दुसरा सोमवार

सोबत : पुराव्यादाखल रबरी पिशवी एक, रिकामी. पाहून झाल्यावर परत मिळावी. कंबर आता माझीही दुखते.