एका स्टारची भानगड

४ नोव्हेंबर
सकाळी मनीषनगरच्या मैदानावर स्कूटीच्या क्लासला दोघीच. बाकीच्या फोन उचलेनात. शेवटी एकीनं सांगितलं, "मॅडम, तुमच्याबद्दल नेटवर काय काय लिवलं आहे वं!" पाहिलं. एकच स्टार. 'या बाईकडे परवाना नाही. माझ्या बहिणीचा पाय मोडला. वरून ओरडते.' नाव 'सच्चा माणूस'. फोटो कुत्र्याचा.
परवाना ऑफिसच्या भिंतीवर टांगला आहे! इतकी वर्षं बायकांना स्कूटी शिकवून राहिली, पाय कोणाचाच मोडला नाही. कुंपण मोडलं एकदा. ते वेगळं.

५ नोव्हें.
आमचे हे म्हणे, "साऱ्या पोरींले पाच-पाच स्टार टाकाले सांग." मीही झणझणीत उत्तर लिहायला बसले होते. पण आधी सदर भागात वकील मॅडमकडे गेले. माझीच विद्यार्थिनी, अजूनही ब्रेकऐवजी पाय टेकतात. हसल्याच. "ओरडते, हे त्याचं मत. खरंही आहे. त्यावर कोर्ट काही नाही करत. परवाना अन् पाय, ही खोटी विधानं. ही बदनामी." स्क्रीनशॉट ठेवायचे, रिव्ह्यूच्या साइटवाल्या कंपनीकडे तक्रार, खाली शांत उत्तर. नाही हटलं तर नोटीस, दावा. लपवलेलं नाव कोर्टामार्फत मागता येतं. अन् खोटे स्टार अजिबात नकोत, आपल्यावरच उलटतील.
शांत उत्तर. मी!

९ नोव्हें.
खोडून-खोडून टाकलं एकदाचं. 'परवाना बघायला या, चहा घेऊ.' कंपनी म्हणते, तपासत आहोत. दोघी परत आल्या क्लासला. बरं वाटलं.

१२ नोव्हें.
क्लासमधल्या सुनंदाला रिव्ह्यू दाखवला. हिनं पहिल्या दिवसापासून एकही क्लास चुकवला नाही. फोटो बघून ओरडली, "मॅडम, हा तं आमचा मोती व्हय!" तिच्या नवऱ्याचंच काम. लायसन मिळालं की उमरेडला माहेरी एकटी गाडीनं जाईन, असं घरी बोलली होती, ते त्याला खटकलं.
"अन् बहिणीचा पाय?"
"त्यायले बहीणच नाही!"
हसून-हसून बेजार. मग माझंच हसू थांबलं. नोटीस गेली तर हिच्याच घरी जाणार. तसं म्हटलं तर म्हणे, "पाठवा ना. मीच नेऊन देते, गाडीवर."

१५ नोव्हें.
सुनंदाच्या नवऱ्याचा फोन. तिनं सांगितलंच घरी. "मॅडम, काढून टाकतो. पण तिच्या डोक्यातलं उमरेड तेवढं काढा."
म्हटलं, "रिव्ह्यू काढा. उमरेडचं तिचं ती ठरवेल."
त्यानं फोन ठेवायला घेतला. मग, "बघतो."
वकील मॅडमकडे नोटीस तयार आहे, सही बाकी. करू का? सुनंदाचा काय दोष...
आत्ता पाहिलं. रिव्ह्यू तसाच. फोनवर सुनंदाचा मेसेज: उद्या उमरेड रोडवर प्रॅक्टिस करू का?
सहीचं नंतर बघू. तिला 'हो' पाठवलं.